जाहीर पाठिंबा, खाली माझा फोटो

एका मुलीवर जबरदस्ती केल्याचा आरोप असलेल्या माणसाला जाहीर पाठिंबा देणारा फलक आमच्या चौकात लागला, आणि त्यावर मी माझा फोटो छापून घेतला. गॉगल लावलेला. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. उलट मंडळाची पोरं मला शेवटच्या ओळीत टाकणार होती. मी भांडून पहिल्या ओळीत आलो.

आमच्याकडं अशा फलकाला 'डिजिटल' म्हणतात. कोल्हापुरात वाढदिवस केकनं होत नाही, डिजिटलनं होतो. निवडणूक जिंकली, लावा डिजिटल. पोरगं दहावीला काठावर सुटलं, लावा डिजिटल. पाडव्याला सजवलेल्या म्हशीनं नंबर काढला तर मालकाच्या आधी म्हशीचा डिजिटल. वर मोठा माणूस, किंवा म्हैस, आणि खाली ओळीनं आम्ही बारके. कुणी मोबाइल कानाला लावलेला, कुणी हात जोडलेले, कुणी उगाच लांब कुठंतरी बघणारा. पेठेत कुणाचं वजन किती, हे या बारक्या फोटोंच्या आकारावरून आणि जागेवरून कळतं. बायकोचं तोंड आठवडाभर नीट न बघणारा माणूस डिजिटलवरचं आपलं तोंड येता-जाता बघतो.

मी एका सहकारी संस्थेतून कारकून म्हणून निवृत्त झालो, पण ती माझी खरी ओळख नव्हे. मी माईकवरचा माणूस. साखरपुडा, बक्षीस समारंभ, फुटबॉलचा सामना, कुणाची एकसष्टी, माईक माझ्या हातात. माईक आला की मी खुलतो आणि काढून घेतला की मला ताप भरतो. घडलेलं सांगताना त्यात दोन-चार गोष्टी न घडलेल्या घालायच्या, ही माझी जुनी सवय. लोक हसतात. डिजिटलवरची यमकंही मंडळ माझ्याकडूनच लिहून घेतं.

आता तो माणूस. तो नट आहे. आमच्याच पेठेतला, पुढं मुंबईला जाऊन मोठा झालेला. पडद्यावर दर सिनेमात कुणाची तरी बहीण वाचवायचा. शाळेत तो माझ्या पुढं एक वर्ष होता. गॅदरिंगला तो राजा झाला तेव्हा त्याच्या मागं उभं राहून चवरी ढाळायला मी होतो. आमचं नातं खरं म्हणजे तेवढंच, पण पुढच्या आयुष्यात मी ते फार वाढवलं. परगावी कुणी विचारलं, "कुठलं पावणं?" की मी पेठेचं नाव सांगायचो आणि समोरच्यानं काही बोलायच्या आत नटाचं नाव जोडायचो. लगेच चहा यायचा. चहा त्याच्या नावाचा, पण पोटात माझ्या. असे किती चहा प्यालो असेन! ज्याच्या नावावर आपण इतका चहा प्यालो तो माणूस वाईट असू शकतो, हे पोटाला पटत नाही. डोक्यापर्यंत तर प्रश्न पोचतच नाही.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, कागलला दिली आहे. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, शिवणाचा कोर्स केलेली, हाताला फार सफाई. दोनेक वर्षांमागं या नटाच्या मालिकेचं शूटिंग आमच्या भागात चालू होतं. मी तिथं गेलो, शाळेची, राजाची, चवरीची आठवण काढली, आणि भाचीला त्यांच्या कपडेपटात चिकटवून दिली. तिला समोर उभी करून नटाला म्हणालो, "आपल्याच घरची पोरगी समजा." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी मोबाइलवर फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

थोड्याच आठवड्यांत पोरगी काम सोडून कागलला परत. कारण विचारलं तर म्हणाली, "बरं वाटत नव्हतं." मला राग आला. माझा शब्द खाली पडला होता. पण माझ्याकडं राग फार दिवस रागासारखा राहत नाही, त्याचा विनोद होतो. मी एक गोष्ट तयार केली: 'आमची भाची सिनेमात गेली आणि इस्त्री करून परत आली.' हातात इस्त्री धरल्याचा अभिनय, हिरोच्या धोतराला पडलेलं भोक, त्या भोकातनं दिसणारी मालिकेची पुढची गोष्ट, असं काय काय जोडत गेलो. एका चुलत घरच्या लग्नात तर ती मी माईकवर सांगितली. भाची समोरच होती, पाहुण्यांना लाडू वाढत. मांडव हसला. तीही हसली. म्हणजे तेव्हा मला ते हसणं वाटलं.

त्यानंतर बातमी आली. नटाच्या दुसऱ्या एका मालिकेत काम केलेल्या, पुण्याकडच्या एका मुलीनं पोलिसांत तक्रार दिली होती.

संध्याकाळी आम्ही म्हशीच्या कट्ट्यावर जमतो. म्हशी समोर बांधलेल्या, समोरच पिळायच्या, फेसाचा ग्लास हातात घ्यायचा आणि जगाचा न्याय करायचा. त्या दिवशी न्याय लवकर झाला.

"कोण तरी पुण्याची पोरगी हाय म्हणं."

"असल्या लई बघितल्या."

"एवढ्या दिवसांनी कशी काय आठवण झाली हो तिला?"

"आणि समजा झालं असंल, तर ही गेलीच कशाला त्याच्याकडं एकटी?"

"अरं त्याला बायकांचा काय तोटा हाय व्हय? त्यानं नुसतं बघितलं तर रांग लागंल."

मी त्या मुलीवर एक कोटी केली. ती इथं लिहीत नाही, तेवढी अक्कल आता आली आहे. सगळे हसले. एकाच्या नाकातनं दूध आलं. हसले म्हटल्यावर मी दुसरी केली.

मंडळाचा अध्यक्ष माझ्या मुलाच्या वयाचा आहे. मला तो काका म्हणतो. तो म्हणाला, "काका, पेठेनं गप बसून चालणार न्हाय. आपला माणूस हाय. डिजिटल लावूया. मजकूर तुमचा."

मी तिथंच, मिशीचा फेस पुसायच्या आत, मजकूर दिला:

'कितीही उठोत वादळं, कितीही होवो बदनामी,
पेठेचा वाघ एकटा नाही, पाठीशी उभे आम्ही!'

खाली मोठ्या अक्षरांत 'जाहीर पाठिंबा'. बदनामी आणि आम्ही, यमक जुळल्याचा मला इतका आनंद झाला की घरी जाऊन बायकोला दोनदा म्हणून दाखवलं. ती शेंगा सोलत होती.

"तुमास्नी काय ठावं, त्यानं केलं न्हाय म्हणून?"

"अगं, माझ्या शाळेतला आहे तो."

"शाळेत तुमीबी होतासा की. म्हणून मी तुमच्यावर इस्वास टाकतो व्हय?"

(आमच्याकडच्या बाया 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. परगावच्या वाचकांनी दचकू नये.)

डिजिटल लागला. नट दहा माणसांच्या उंचीचा, छातीवर हात. त्याच्या पायाशी पहिल्या ओळीत मी. पन्हाळ्यावर काढलेला फोटो, गॉगलमध्ये ढग दिसत होते. पहिल्या दिवशी मी चौकातनं कारण नसताना चार फेऱ्या मारल्या.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला.

"मामा, उद्या घरात हाईसा? जरा बोलायचं हुतं."

"ये की. का, परत इस्त्रीची नोकरी पाहिजे?"

मी हसलो. ती म्हणाली, "न्हाय. आल्यावर सांगतो."

बायकोनं पांढरा रस्सा केला. भाचीला आवडतो म्हणून आजऱ्याचा घनसाळ तांदूळ काढून भात घातला, सगळ्या गल्लीला वास गेला. दुपार झाली, भात गार झाला, पोरगी आली नाही. संध्याकाळी निरोप आला: काम निघालं. मी भात दोनदा वाढून घेतला आणि कट्ट्यावर जाऊन माझ्या गोष्टीला नवं शेपूट जोडलं. पोरगी कशी कुठल्याच कामाला वेळेवर पोचत नाही, इस्त्री तापेपर्यंत मालिका संपते, वगैरे.

पुढच्या आठवड्यात बायको कागलला जाऊन आली. पिशवी खाली न ठेवता दारातच उभी राहिली.

"पोरगी त्या दिवशी आलती."

"कुठं आली? आपण वाट बघून..."

"चौकापर्यंत आलती. रिक्षातनं उतरली. वर बघितलं. आणि त्याच रिक्षानं परत स्टँडावर गेली."

"का?"

"वर कोण हुतं?"

मग तिनं सांगितलं. जे सांगितलं ते भाचीचं आहे, माझं नाही. तिला विचारून इथं एवढंच लिहितो: तयार कपडे घेऊन नटाच्या मेकअपच्या व्हॅनमध्ये जाणं हे तिचं काम होतं, आणि व्हॅनचं दार आतून लागलं ते तिनं लावलेलं नव्हतं.

पुण्याच्या मुलीची बातमी बघून भाचीला वाटलं होतं, आता बोलावं. आपण बोललो तर ती मुलगी एकटी पडणार नाही. पण पोलिसांकडं जायचं म्हणजे बरोबर कुणीतरी मोठं माणूस हवं. बाप नाही. आई हळवी. राहिला मामा. मामाला चार लोक ओळखतात, मामा बोलका आहे. मामाला सांगायला ती आली होती, आणि मामा आधीच चौकात उभा होता, त्याच्या पायाशी.

अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी जे बोललो ते सांगतो. मी म्हणालो, "मग तिनं मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

तोंडातनं गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. हा कट्ट्यावरचाच प्रश्न होता, फक्त दुधाशिवाय.

"कुणाला? तुमास्नी?" बायको म्हणाली. "लग्नात माईकवर सांगितलासा असता."

त्या रात्री मी इस्त्रीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात सांगून बघितली. एकाही जागी हसू आलं नाही. प्रत्येक टाळीच्या जागी भाची लाडवाचं ताट घेऊन उभी होती.

सकाळी उजाडताना, दूधवाले यायच्या आधी, मी घरची शिडी आणि भाजीची सुरी घेऊन चौकात गेलो. माझ्या वयाच्या माणसानं शिडी चढू नये, आणि चढलाच तर लुंगी नेसून चढू नये. वर जाऊन मी माझं तोंड गोल कापून काढलं. गॉगलजवळ सुरी घसरली, शेजारच्या माजी अध्यक्षाचा कान थोडा गेला. उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटलं आणि ती नव्हती. गुडघा सोलून, तोंडाची गुंडाळी काखेत मारून मी घरी आलो आणि बायकोसमोर ठेवली. मला वाटत होतं, काहीतरी म्हणेल. बरं केलंत, असं काहीतरी.

"हे काय?"

"काढलं."

"आणि तो?"

"कोण?"

"तो वर तसाच हाय न्हवं? छातीवर हात ठिवून?" तिनं गुंडाळी उलगडून बघितली, परत गुंडाळली. "तुमी तेवढं सुटून आलासा."

खरंच, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुरी हातात होती, शिडी उंच होती, नटाचे बूट माझ्या हाताशी होते, आणि मी मला तेवढं कापून घेऊन आलो होतो. मजकूरही तसाच होता. 'पाठीशी उभे आम्ही.' माझंच यमक.

पण कोल्हापुरात पश्चात्तापही सरळ मार्गानं जात नाही. दुपारपर्यंत पेठेत बोंब झाली की शेजारच्या पेठेतल्या पोरांनी काकांचं तोंड कापलं. शेजारच्या पेठेशी आमचं फुटबॉलवरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे, तिकडं नुसतं बोट दाखवायला कारण लागतं. संध्याकाळी चौकात दुसरा डिजिटल लागला. 'ज्येष्ठ मार्गदर्शकांच्या प्रतिमेची विटंबना करणाऱ्या भ्याड प्रवृत्तीचा जाहीर निषेध!' आणि त्यावर मी. एकटा. नटाच्या बरोबरीच्या आकाराचा. जन्मभर ज्या मापाची आशा केली ते माप मला मिळालं, आणि मी घरात पडदे ओढून बसलो.

बायको खिडकीतनं बघून आली. म्हणाली, "आता शिडी पुरायची न्हाय."

दोन्ही डिजिटलचा फोटो फिरत फिरत कागलला पोचला, हे मला नंतर कळलं. मामाचं तोंड कापल्याबद्दल सगळी पेठ चिडली होती. माझ्या तोंडासाठी, जे रबरी कापडावर छापलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमची काही पोरं शेजारच्या पेठेत जाब विचारायला गेली. शिव्या झाल्या, एकाचा शर्ट फाटला, दगड उचललेले होते ते कुणीतरी मध्ये पडून खाली टाकायला लावले. हे ऐकल्यावर मला घरात बसवेना. मी कट्ट्यावर गेलो. सगळे उठून उभे राहिले. माझ्यासाठी आजवर कुणी उठलेलं नव्हतं.

"या काका. काळजी करू नकासा. सोडत न्हाय आम्ही त्यांना," अध्यक्ष म्हणाला.

"कुणाला सोडू नका? कुणी कापलं नाही. मी कापलं."

आणि जो हशा पिकला! म्हशी दचकल्या.

"नाद खुळा, काका!"

"अरे खरंच. घरच्या सुरीनं कापलं. भाजीच्या."

"भाजीच्या!" एकानं मांडीवर थाप मारली.

"शिडीवरनं पडलो. हे बघा, गुडघा सोललाय."

मी धोतर वर करून गुडघा दाखवला. दोघे-तिघे पोट धरून खाली बसले. मी जितकं खरं सांगत होतो तितकं त्यांना जास्त हसू येत होतं. चूक त्यांची नव्हती. इतकी वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं की हा माणूस तोंड गंभीर करून बोलायला लागला की हसायचं असतं.

मग मी म्हणालो, "मला वाटतं, ती पुण्याची पोरगी खरं बोलते आहे."

हशा थांबला. हे मात्र त्यांना लगेच खरं वाटलं.

"कशावरनं?" अध्यक्षानं विचारलं. मी समोरच्या म्हशीकडं बघितलं. त्यानं डोळे बारीक केले. "तुमच्या वळखीचं कोण हाय व्हय त्यात?"

गोष्ट जिभेवर आली होती. सगळ्यांचे ग्लास हातात तसेच, प्रत्येक कान माझ्याकडं. आयुष्यभर माईकवर बोललो, पण असा फड मला कधी मिळाला नव्हता. दोन वाक्यं बोललो असतो तर एकेकाचं तोंड उतरलं असतं. आणि रात्रीपर्यंत भाचीचं नाव प्रत्येक घरात पोचलं असतं, कुणीतरी विचारलं असतं की ही तरी गेलीच कशाला त्या गाडीत. मी हातातल्या दुधाचा मोठा घोट घेतला, ठसका लागला.

"नाही," म्हणालो. "मला आपलं वाटतं."

"मग वाटून घेऊ नकासा काका. वय झालं तुमचं."

तिच्यासाठी गप्प बसलो की भीतीनं, हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. भीतीचा वाटा मोठा असावा, कारण घरी येताना मी चौक टाळून मागच्या बोळातनं आलो. शेजारच्या पेठेशी भांडण मात्र मिटलं. ते काकांनी स्वतःच कापलं, काकांचं डोकं फिरलंय, असं आमच्या पोरांनीच तिकडं जाऊन सांगितलं. पुढच्या कार्यक्रमाला माईक दुसऱ्याकडं गेला. मला ताप भरला नाही, पण चार दिवस तोंडाला चव नव्हती.

दोन्ही डिजिटल माझ्या सांगण्यानं उतरले असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. अध्यक्षाकडं मी दोनदा गेलो. तो म्हणाला, आता काढला तर पेठ फुटली असं लोक म्हणतील. मध्ये नटाला अटक झाली, आणि तो जामिनावर सुटला तेव्हा तर त्याच डिजिटलला जेसीबीच्या बकेटमधून फुलं टाकली. मी खिडकीतनं बघितलं. शेवटी एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला, जागा हवी होती, म्हणून उतरले.

ते अजून वर होते तेव्हाच मी कागलला गेलो. एसटीत बसून मी माफीचं भाषण मनात तयार केलं. चांगलं होतं भाषण. आक्काच्या दारात पोचलो तर भाची मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिनं वर बघितलं आणि परत सुईकडं बघितलं. आक्का पाणी घेऊन आली.

"बस. गुडघ्याला काय झालं?"

आणि माझं भाषण राहिलं बाजूला, मी गुडघ्याची गोष्ट सांगायला लागलो. लुंगी, शिडी, माजी अध्यक्षाचा कान, निषेधाचा डिजिटल. माझ्याच हातांना मी हवेत हलताना बघत होतो आणि मला ते थांबवता येत नव्हते. आक्का पदर तोंडाला लावून हसली. भाचीचं मशीन चालूच होतं. गोष्ट संपली तेव्हा खोलीत तेवढाच आवाज राहिला.

"चुकलं माझं," मी म्हणालो. एवढंच आठवलं भाषणातलं.

मशीन थांबलं नाही. "कपडेपटातल्या एका बाईकडनं नंबर घिऊन त्या पुण्याच्या पोरीला मी फोन केलता," ती म्हणाली. "लई रडली ती. सोमवारी मी जबाब द्यायला येतोय कोल्हापुरात."

"मी येतो बरोबर. तिथं माझ्या ओळखीचा एक..."

मशीन थांबलं.

"वळख नको मामा. तुमच्या वळखीनंच गेलतो की तिथं."

मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन बसलो. पिता येईना आणि खाली ठेवता येईना. आक्कानं तो माझ्या हातातनं काढून घेतला.

"मामी येणार हाय माझ्यासंगट," भाची म्हणाली. "आत ती बसंल."

"आणि मी?"

तिनं दोरा दातानं तोडला. आक्काच म्हणाली, "गाडी चालवाय येती न्हवं त्याला? तेवढं करू दे."

सोमवारी मी त्यांना मागून आणलेल्या गाडीतनं नेलं. वाटेत मला तीनदा काहीतरी आठवलं, तिन्ही वेळा बायकोनं आरशातनं बघितलं, तिन्ही वेळा मी गिअर बदलला. भाची आणि बायको आत गेल्या. आक्का आणि मी बाहेर, भिंतीकडेच्या बाकावर. आत एक बाई अधिकारी होती, दार उघडताना दिसली. दार बंद झालं. आक्का ओठ हलवत अंबाबाईचं नाव घेत होती. मी बुटाकडं बघत होतो. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय काम हाय पावणं?" सांगण्यासारखं माझ्याकडं फार होतं. मी म्हणालो, "गाडी घेऊन आलोय."

फार वेळानं त्या बाहेर आल्या. भाचीचं तोंड पांढरं पडलं होतं, पण मान ताठ होती. ती आक्काच्या पिशवीतली बाटली काढून उभ्यानं सगळं पाणी प्याली. मग माझ्यासमोर आली.

"मामा, त्या बाईंनी इचारलं, कामाला कुणी लावलं. मी तुमचं नाव सांगितलं."

"बरं केलंस."

"त्यानं डोक्यावर हात ठेवला तवा तुमी काय बोललासा, तेबी सांगितलं. काम सोडल्यावर मी कशी गप हुतो, कुणी काय काय चेष्टा केली, सगळं. तुमास्नी बोलावणार हाईत."

'आपल्याच घरची पोरगी समजा.' ते वाक्य आता कुणीतरी कागदावर लिहून माझ्यापुढं ठेवणार होतं आणि विचारणार होतं, हे तुम्हीच म्हणालात ना?

"येतो की," मी म्हणालो. "सगळं सांगतो."

"सगळं नको. झालं तेवढंच. रंगवायचं न्हाय. हातवारे न्हाईत. त्यांनी एकदा म्हटलं की हा माणूस बनवून सांगतोय, तर माझंबी खोटं धरतील मामा."

"नाही, नाही. मी अगदी सरळ सुरुवात करतो," मी म्हणालो. "म्हणजे बघ, आम्ही शाळेत असताना तो राजा झाला होता, आणि मी..."

हात वर गेला होता. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बायकोनं तोंड फिरवलं. आक्का बाकावरनं उठली, पिशवी काखेत मारली आणि लेकीला म्हणाली,

"ह्यो तुझा साक्षीदार व्हय? मग सुटला म्हण की त्यो."